हट्टी कारवानी कुत्रा : ट्रेनर बोलवावा का, आणि कसा निवडावा?

टेकडीकाठ

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतीच वाचत होते. आज लिहितेय, कारण घरात बोलून बोलून सगळे दमलोत आणि परवा कुत्र्यावरून सोसायटीच्या कमिटीचं पत्र आलंय.

आमचा बाजी. कारवानी, नर, पंधरा महिन्यांचा, बदामी रंगाचा. मामेभावाने सांगोल्याकडून आणून दिला तेव्हा दोन महिन्यांचा होता. आम्ही कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि नववीतली लेक.

सात महिन्यांचा होईपर्यंत त्याच्याइतकं गुणी पिल्लू नव्हतं. हाक मारली की धावत यायचा, बस म्हटलं की बसायचा. आठव्या महिन्यापासून सगळं फिरलं. हाक ऐकतो, कान हलतात, पण मान वळत नाही. मांजर दिसलं की मागे रेटा देऊन पट्ट्यातून डोकं काढतो आणि पसार होतो. दोनदा असा भर पौड रस्त्यावर गेला, त्या दोन वेळा आठवल्या की अजून पोटात गोळा येतो. सोफ्यावर बसला की उठवायचं नाही, नाहीतर गुरगुरतो. तोंडात काही सापडलं की देत नाही.

म्हणून आम्ही ट्रेनर लावला. वीस सत्रांचं पॅकेज, अर्धे पैसे आधी. त्यांनी पहिल्याच दिवशी चोक चेन घातली, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी. म्हणाले, हा तुमच्या डोक्यावर बसलाय, घरात मोठं कोण ते याला दाखवलं पाहिजे. गुरगुरला की साखळीचा झटका. दोनदा त्याला आडवा पाडून वर गुडघा ठेवला. चौथ्या सत्रानंतर गुरगुरणं थांबलं. आम्हाला हायसं वाटलं. हे लिहिताना रडू येतंय. पुढच्याच आठवड्यात त्याने रस्त्यावरून कोंबडीचं हाड उचललं, नवऱ्याने ते काढायला तोंडात हात घातला आणि बाजी चावला. आधी गुरगुर नाही, दात विचकणं नाही, काहीच नाही. अंगठ्याजवळ दोन खोल जखमा. इंजेक्शनं सुरू आहेत. सत्रं आम्ही बंद केली.

आता मामेभाऊ म्हणतो परत गावाला पाठव. सासूबाई म्हणतात, पोटच्या लेकरासारखा वाढवलाय, कुठे पाठवायचा? मला कळत नाहीये की पुन्हा कुणा ट्रेनरला घरात घ्यायचं धाडस करावं का. घ्यायचं तर माणूस पारखायचा कसा? अनुभव असेल तर कृपया सांगा.

लातूरकर

ताई, आधी एक सांगतो. आमच्याकडं तीन पिढ्या करवानी आहेत. तुम्ही हट्टी म्हणताय, तो या जातीचा मूळ स्वभाव आहे. आजोबांच्या काळात हे कुत्रं सशामागं सुटायचं. माणूस कुठंतरी मागं राहायचा. ससा कुठं वळणार, आडवं कुठून जायचं, हे सगळं त्यानं एकट्यानं ठरवायचं. मालकाच्या तोंडाकडं बघत बसलेलं कुत्रं उपाशी राहिलं असतं. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, आणि ते बरंच झालं. पण रक्तातला गुण तसा जात नाही. लॅब्रेडॉर शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी आणून हातात द्यायला वाढवलेला. आमचं कुत्रं वेगळ्या कामाचं.

दुसरं म्हणजे पट्टा. करवानीचं डोकं निमुळतं, मान जवळपास डोक्याएवढीच जाड. बाजारातला साधा पट्टा उलटा ओढला की सुटणारच. त्याला मार्टिंगेल पट्टा लागतो, ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळतो, गळा दाबत नाही. आजच आणा.

आणि गावाला पाठवू नका. तेरा महिने फ्लॅटमध्ये माणसांत राहिलेलं कुत्रं शेतावर साखळीला बांधलं तर दोन महिन्यांत वाया जातं. मी बघितलंय.

निशिगंध

टेकडीकाठ, आधी एक मिठी. तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते गुरगुरणं बंद झाल्यानंतरचं चावणं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं "मला हे नको आहे" असं सांगणं. ते मारून बंद केलं तर नकोसं वाटणं तसंच राहतं, फक्त सांगणं थांबतं. माझ्या गावठी कुत्रीच्या बाबतीत, राणीच्या, आमच्याकडून हीच चूक झाली होती. ती पुन्हा गुरगुरायला लागली त्या दिवशी आमच्या नव्या ट्रेनरने आम्हाला शाबासकी दिली होती.

आठव्या महिन्याचं कोडंही सांगते. ते वय कुत्र्याचं वयात येण्याचं. ब्रिटनमधल्या संशोधकांचा २०२० मध्ये बायॉलॉजी लेटर्स या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला होता. पाच महिन्यांची असताना आपल्या माणसाचं 'बस' ऐकणारी पिल्लं आठव्या महिन्यात त्याच माणसाचं ऐकेनाशी झाली, पण परक्याने सांगितलं तर ऐकत होती. म्हणजे बाजी शिकलेलं विसरला नव्हता. तेव्हा थोडा धीर धरला असता तर बरंच निभावलं असतं, पण हे त्या वेळी कुणी सांगत नाही.

भीमथडी

मी थोडं वेगळं सांगणार आहे, राग मानू नये. आमचा रॉटवायलर दीड वर्षाचा असताना कुणालाच जुमानत नव्हता. चोक चेननेच तो सरळ झाला. आज सात वर्षांचा आहे, नातवंडं त्याच्या अंगावर लोळतात. कुत्रं कळपात राहणारं जनावर आहे, त्याला वरचढ कोणीतरी लागतोच. नुसता खाऊ देत बसलात तर खाऊ संपला की ऐकणंही संपणार. तुमच्या ट्रेनरचं तंत्र चुकलं असेल, पण शिस्तच नको असं होऊ नये.

निशिगंध

भीमथडीकाका, शिस्त हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण कळपातल्या वरचढाची गोष्ट आली कुठून ते बघा. प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडले होते, मग भांडणं होणारच. लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या लिखाणातून ती कल्पना जगभर गेली. पुढे मेक यांनीच कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःचं म्हणणं दुरुस्त केलं : रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. आणि ही सगळी गोष्ट लांडग्यांची, हजारो वर्षं माणसाच्या चुलीपाशी राहिलेल्या कुत्र्याची नाहीच.

खाऊ संपला की ऐकणं संपतं, हे मात्र खरं आहे, जर खाऊ दाखवून काम करून घेतलं तर. आधी काम, मग खिशातून खाऊ, आणि हळूहळू कधी खाऊ, कधी दोरीची ओढाओढ, कधी नुसतं "चल पळ". यातला फरक शिकवायलाच चांगला ट्रेनर लागतो.

पशुवैद्य_सातारा

टेकडीकाठ, ट्रेनर शोधण्याआधी बाजीला तपासून घ्या. स्वभाव अचानक बदललेल्या कुत्र्यांत दुखणं निघण्याचं प्रमाण माझ्या टेबलावर बरंच आहे. कानात आतपर्यंत गेलेला संसर्ग, दाताचं दुखणं, कंबर किंवा गुडघा. आपल्याकडे गोचीड-ताप, ज्याला सगळे टिक फीव्हर म्हणतात, तो तर फार. सोफ्यावरून उठवलं की गुरगुरतो म्हणता, उठताना दुखतं का तेही बघायला हवं. रक्ताची तपासणी करा, प्लेटलेट्स बघा. साखळीचे झटके बसले आहेत, तर मानही नीट चाचपून घ्या.

मिस्टरांची इंजेक्शनं अर्धवट सोडू नका, बाजीची रेबीजची लस चालू असली तरी. कुणालाही पुन्हा दात लागला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद किंवा चुना लावायचा नाही.

चावा झालाय, म्हणून मुसक्याबद्दलही सांगते. जाळीचा, टोपलीसारखा मुसका घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड आवळणारी कापडी पट्टी फिरायला नेताना वापरू नका. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, पुण्याच्या उन्हाळ्यात ती पट्टी जिवावर बेतेल. मुसका एकदम चढवायचाही नाही. आत दही चोपडा, त्याला आपणहून नाक घालू द्या, असं आठ-दहा दिवस, मग बक्कल.

कार्डिफकर

आमच्याकडे वेल्समध्ये विजेचा झटका देणारे पट्टे २०१० पासून कायद्याने बंद आहेत. भारतात ते घरबसल्या मागवता येतात, म्हणून सांगतोय : कुणी सुचवलं तर नाही म्हणा. मांजर दिसताना झटका बसला, तर कुत्र्याच्या डोक्यात मांजर आणि वेदना यांची गाठ बसते. पुढच्या वेळी तो मांजर दिसताच जास्त चवताळू शकतो.

हवालदारांची_लेक

माझे वडील सैन्यात कुत्र्यांचे हँडलर होते. मेरठला रिमाउंट व्हेटर्नरी कोअरचं केंद्र आहे, तिथे शिकले. लोकांना वाटतं सैन्यातली कुत्री दणक्याने तयार होतात. बाबा सांगायचे, माग काढणाऱ्या कुत्र्याला पकडून ठेवते ती एक वस्तू, चेंडू. सापडलं की चेंडू मिळणार, या एका आशेवर ते जनावर तासन्तास हुंगतं. आणि एका कुत्र्याला एक माणूस. खायला तोच घालणार, अंग तोच चोळणार. मुधोळ हाउंडही चाचणीसाठी मेरठला नेले होते, ते बाजीचे भाऊबंदच.

बाबा अजून एक म्हणायचे : कुत्रं ऐकत नाही म्हणून कुणी आलं की आधी त्या माणसाला दोर धरून चालायला लावायचे, कुत्र्याविना. माणसाचा हात सतत ताठ असेल तर कुत्रं सतत ओढणार.

सोसायटीतला_मी

कमिटीच्या पत्राबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे हे होऊन गेलंय. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे आहे. लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. पण तुमच्याकडे चावा झालाय, भले घरातल्या माणसाला. बाहेरच्या कुणाला झाला तर निष्काळजीपणाचं कलम लागू शकतं, भारतीय न्याय संहितेचं २९१. महापालिकेचा परवाना आणि लसीचं कार्ड यांच्या प्रती काढून ठेवा. पत्राला लेखी उत्तर द्या, त्यात ट्रेनर लावतोय, लिफ्टमध्ये आपणहून मुसका घालतोय हे लिहा. आमच्या चेअरमनांचा आवाज त्या एका कागदाने खाली आला.

टेकडीकाठ

(तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवलं.

डॉक्टर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. उजव्या कानात आतवर संसर्ग होता. गोचीड-ताप नाही. कानाचं औषध चालू आहे आणि डोक्यावर हात फिरवला तर आता तो मान मागे घेत नाही. इतके दिवस आम्ही त्यालाही हट्टच समजत होतो.

ट्रेनरसाठी पाच जणांना फोन केले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : बाजीने ऐकलं नाही तर तुम्ही नेमकं काय करणार? एकाने एकवीस दिवसांची गॅरंटी दिली. गॅरंटी ऐकूनच मी फोन ठेवला, जिवंत प्राण्याची गॅरंटी कशी देणार? दुसरे म्हणाले महिनाभर आमच्या हॉस्टेलला ठेवा, मध्ये भेटायला यायचं नाही. जिथे मला बघायला परवानगी नाही तिथे मी त्याला ठेवणार नाही, आणि तिथे शिकून आला तरी सोफा, सासूबाई आणि जिना इथेच आहेत. तिसऱ्यांनी फक्त कुत्र्याची जात विचारली आणि सरळ दर सांगितला. चौथे बरे वाटले, पण चावल्याचं कळल्यावर म्हणाले, हे माझ्या आवाक्यातलं नाही. मला त्यांचा आदर वाटला.

पाचवी एक मुलगी, तिशीतली. पाऊण तास तिनेच प्रश्न विचारले. चावा कसा, कुठे, आधी काय झालं, नंतर कुणी काय केलं, कुत्रा झोपतो किती, झोपतो कुठे. डॉक्टरांचा रिपोर्ट बघितल्याशिवाय येणार नाही म्हणाली. माझ्या प्रश्नावर तिचं उत्तर होतं, "ऐकलं नाही तर मी समजेन की मी फार अवघड काही मागितलं. एक पायरी खाली येईन." तिने केपीए-सीटीपी केलंय, म्हणजे कॅरेन प्रायर अकादमीचं ट्रेनरचं सर्टिफिकेट. आपल्याकडे कुणीही उद्यापासून ट्रेनर म्हणून पाटी लावू शकतो, म्हणून मी ते विचारलं होतं. पण खरं सांगायचं तर मी सर्टिफिकेटपेक्षा तिच्या एका क्लायंटच्या घरचं सत्र जाऊन बघितलं, त्याने माझा निर्णय झाला. दर भेटीचे दीड हजार, दहा आठवड्यांत आठ भेटी.

पहिल्या भेटीत तिने बाजीला हातही लावला नाही. जमिनीवर तिरकी बसली आणि अधूनमधून उकडलेल्या काळजाचा तुकडा त्याच्यापासून लांब टाकत राहिली. घरातले चौघेही हवेत ही तिची अट होती. आम्हाला वही करायला लावली : कधी गुरगुरला, त्याआधीच्या तासात काय झालं. पहिल्या आठवड्यात नऊ नोंदी, त्यातल्या सात रात्री आठ ते दहामधल्या. त्या वेळी टीव्ही मोठा, नवरा ऑफिसमधून आलेला, लेकीची गडबड, आणि सोफा ही त्याची झोपायची एकमेव मऊ जागा. झोपेतून ओढून उठवलं की मीही चिडते. आता आतल्या खोलीत त्याची गोधडी आहे, आठ वाजता तो आपणहून तिथे जातो.

भीमथडी

सगळं वाचलं. माझं मत पूर्ण बदललं असं नाही म्हणणार. पण ती वहीची कल्पना पटली. आमच्या घरात सगळ्यांनी एकच नियम पाळला होता, कदाचित फरक त्यानेच पडला असेल, साखळीने नाही. जपून असा ताई, आणि मधेच सोडू नका.

नवा_पालक

ताई, तोंडातलं सोडत नाही त्याचं काय केलंत? आमचा बीगल मोजे गिळतो.

टेकडीकाठ

नवा_पालक, हे आम्ही सगळ्यात जास्त दिवस केलं. आतापर्यंत बाजीने एवढंच शिकलं होतं की माणूस जवळ आला की आपली वस्तू जाते. ते उलटं करायचं. तो काहीतरी साधं चघळतोय, मी चार-पाच फुटांवरून जाते, पनीरचा तुकडा टाकते आणि थांबत नाही, पुढे निघून जाते. दिवसातून आठ-दहा वेळा. दहाव्या दिवशी मी आले की तो चघळणं सोडून वर बघायला लागला. मग अंतर कमी. मग अदलाबदल : जुना बूट द्या, काळीज घ्या, आणि शक्य असेल तेव्हा बूट परत त्यालाच. परत देणं फार महत्त्वाचं, मला आधी ते पटलं नव्हतं. 'सोड' हा शब्द सगळ्यात शेवटी जोडला. मोज्यांसाठी आधी मोजे कपाटात ठेवा, आणि गिळलाच तर थेट डॉक्टर. शिजवलेली कोंबडीची हाडं कधीच नाहीत, ती फुटून टोकदार होतात. मांजराच्या बाबतीतही हेच, अंतर. चाळीस फुटांवर मांजर असेल तर बाजी माझ्याकडे बघू शकतो, पंधरा फुटांवर नाही. म्हणून सराव चाळीस फुटांवर.

आणि सासूबाईंचं सांगायलाच हवं. आमच्यात बाजी सगळ्यात जास्त त्यांचं ऐकतो हे ट्रेनरने पहिल्या भेटीत हेरलं. त्या त्याच्या मागे कधी धावत नाहीत, एकदाच "बाज्या, बस" म्हणतात आणि वाट बघतात. मी पाच वेळा म्हणायचे. मग तिने मला सासूबाईंकडून शिकायला लावलं. ताटातली पोळी जेवताना भरवणं मात्र त्यांना सोडावं लागलं. त्या दोन दिवस नाराज होत्या, आता तीच पोळी 'ये' म्हटल्यावर आला की देतात.

लातूरकर

आईंना माझा नमस्कार सांगा. करवानीला असंच माणूस लागतं.

टेकडीकाठ

(तीन महिन्यांनंतर)

आठ भेटी संपल्या. चावणं पुन्हा झालं नाही. गुरगुरणं परत आलंय, महिन्यातून दोन-तीनदा, आणि आम्ही ते ऐकतो, मागे सरतो, वहीत लिहितो. कमिटीला उत्तर दिलं, लिफ्टमध्ये मुसका असतो, दोन शेजारी आता त्याला नावाने हाक मारतात.

काही गोष्टी तशाच आहेत आणि बहुतेक तशाच राहतील. मांजर पायाशी आलं तर तो माझा राहत नाही. मोकळा मी त्याला कुठेच सोडणार नाही. लेकीच्या मैत्रिणी आल्या की आतल्या खोलीला आडवं फाटक लावतो. नवरा अजून त्याच्या तोंडाजवळ हात नेताना थबकतो, आणि बाजीला ते कळतं. त्या दोघांचं काम चालू आहे, रात्रीची ब्रशिंग आता नवरा करतो.

वेताळ टेकडीवर आम्ही पहाटे जातो, गर्दीच्या आधी. तिथे मोर आहेत. गेल्या आठवड्यात मोर ओरडला, बाजी ताठ झाला, दोर ताणला, मी काहीच बोलले नाही. तो बराच वेळ तसाच उभा होता. मग दोर सैल पडला आणि तो माझ्या खिशाकडे आला. घरी येऊन आधी सासूबाईंना सांगितलं.

नवा_पालक

वाचून फार आनंद झाला ताई. टेकडीवर दोर कोणता वापरता? आमच्याकडे आपोआप गुंडाळला जाणारा आहे.

टेकडीकाठ

तो नको, त्यात कायम ताण असतो आणि बारीक दोरी झटक्याने तुटू शकते. मी दहा मीटरचा सपाट, रुंद पट्टीचा दोर वापरते, आणि तो गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीच्या हार्नेसला अडकवते. दहा मीटर पळून एकदम थांबला तर झटका मानेवर यायला नको. हातमोजे घाला. दोर हाताला गुंडाळू नका, नुसता धरा, उरलेला जमिनीवर घसटत राहू द्या. चिखलाचा झाला की बादलीत साबणात टाकते.